गाडी ताब्यात घेताना एक कागद द्या : पुण्यातील गॅरेजचालकांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व परिसरातील गॅरेजमालक, मिस्त्री आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूड भागात राहणारी, एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेब पाहणारी आणि गेली अठरा वर्षे स्वतःची गाडी स्वतः चालवणारी बाई आहे. यंदाच्या उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये मला जो अनुभव आला तो सांगून आपल्यापुढे एक मागणी ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्या गॅरेजचे नाव मी लिहिणार नाही. हिशेब त्या एका माणसाशी चुकता करण्यात मला रस उरलेला नाही. शिवाय ओळखीच्या चार जणांना हा प्रकार सांगितला तेव्हा चौघांनीही आपापल्या गॅरेजची अशीच गोष्ट ऐकवली, आणि त्यात बदलत होते ते फक्त पार्टचे नाव.

मे महिन्यात माझ्या गाडीचे इंजिन तापू लागले. गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी, लहान. तिच्यावर कर्ज नाही आणि ती बदलण्याचा माझा विचारही नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला दोन-तीन मिनिटे उभे राहिले की तापमानाचा काटा वर सरकायचा आणि पौड फाट्याच्या पुढे गाडी मोकळी पळू लागली की आपोआप खाली यायचा. गाडी गॅरेजमध्ये टाकताना मी नेमके हेच सांगितले. गाडी काय करते, केव्हा करते आणि केव्हा करत नाही हे नीट सांगणे एवढाच दुरुस्तीतला ग्राहकाचा वाटा असतो, असे मी मानते. समोरच्या गृहस्थांनी ते ऐकले की नाही हे मला आजही ठाऊक नाही, कारण माझे वाक्य पुरे होण्याआधी त्यांनी बॉनेट उघडले होते आणि ‘पंप गेला असणार’ असा निकालही दिला होता. कोणी काही लिहून घेतले नाही. खर्च विचारला तेव्हा ‘होईल तीन-साडेतीन हजारांत’ असे उत्तर मिळाले, आणि त्यालाच जोडून, ‘साहेबांना एकदा फोन करायला सांगा, त्यांना नीट समजावून सांगतो.’ गाडी माझ्या नावावर आहे, तिचा विमा मी भरते आणि ती चालवतेही मीच. साहेब पीएमपीच्या बसने जातात.

सोमवारी टाकलेली गाडी मंगळवारी संध्याकाळी मिळणार होती, ती शनिवारी मिळाली. मधल्या दिवसांत प्रत्येक फोन मीच केला. पार्ट आणायला नाना पेठेत माणूस गेला आहे, पोऱ्या आज आलाच नाही, पार्ट आला पण चुकीचा आला, आता फक्त ट्रायल बाकी आहे, अशी उत्तरे मिळत गेली. यातले प्रत्येक कारण खरे असू शकते, आणि त्यातले कोणतेही मला आपणहून कळवले असते तर मी रागावले नसते. कार्यालयात जायला मी त्या पाच दिवसांत रिक्षाला किती पैसे मोजले हा भाग मी सोडून देते.

शनिवारी मी पैसे द्यायला उभी राहिले तेव्हा मालकांनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर काही आकडे टाइप केले आणि तो मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर ११,८०० हा आकडा होता. तो कसा आला हे विचारल्यावर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, रेडिएटरची सफाई, किरकोळ आणि मजुरी असे शब्द कानावर पडले, पण कोणत्या शब्दापुढे कोणता आकडा होता ते कळायच्या आत पडदा पुन्हा शून्यावर आला होता. साडेतीन हजारांचे जवळजवळ बारा हजार झाले ते कोणाला विचारून, या प्रश्नाला ‘काम खोलल्यावरच कळतं ताई’ हे उत्तर मिळाले. ते खरेच आहे. मात्र काम खोलल्यावर कळले ते मला कळवायला एक फोन पुरला असता, आणि माझा नंबर त्यांच्याकडे होता. जुना पंप दाखवा म्हटले तर तो भंगारवाल्याने नेला होता. बिल मागितले तर ‘पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील’ असे सांगण्यात आले. पैसे मी यूपीआयने दिले, तेही गॅरेजच्या नावे नसलेल्या एका खात्यावर. माझ्याकडे पुरावा म्हणून आज एवढेच आहे, की अमुक दिवशी अमुक वाजता एका अनोळखी नावाच्या माणसाला मी ११,८०० रुपये पाठवले. त्यात पंपाचा उल्लेख नाही, गाडीचाही नाही.

गाडीत बसल्यावर सीट मागे सरकवलेली आणि आरसा वाकवलेला आढळला, ते ठीकच होते. पण मला पेट्रोल भरताना किलोमीटर टिपून ठेवायची सवय आहे, आणि सोमवारच्या नोंदीत शनिवारी ६१ किलोमीटरची भर पडली होती. उभ्या गाडीत तापणारे इंजिन तपासायला ६१ किलोमीटरची ट्रायल का लागावी, हे मी विचारले नाही. तोपर्यंत मी थकले होते.

पुढची गोष्ट तीन आठवड्यांनंतरची. साताऱ्याला एका लग्नासाठी निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला ट्रकांची रांग लागलेली, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती आणि काटा लाल पट्ट्याला भिडला. कडेला घेतली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मागच्या ट्रकचा चालक उतरून आला, आधी मला रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका म्हणून बजावले, मग वाकून आत पाहिले आणि म्हणाला, ‘फॅनच फिरत नाही की तुमचा.’ पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावर पाणी घालून आम्ही हळूहळू घाट उतरलो. सुरूरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण मिस्त्री होता. त्याने काटा केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो हे मला विचारले, उत्तर पुरते ऐकून घेतले, फ्यूजच्या पेटीतला हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला आणि इंजिन चालू केले. थोड्या वेळाने पंखा फिरू लागला. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो आणि उभ्या गाडीत तेच काम पंख्याला करावे लागते. म्हणून काटा फक्त सिग्नलला चढत असेल तर आधी पंखा, त्याचा फ्यूज, रिले आणि वायरची जोडणी पाहायची असते, हे त्याने मला दोन वाक्यांत सांगितले. मला ते समजले. साहेबांना फोन करावा लागला नाही.

नवा रिले बसवून झाल्यावर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे उलटून गेलेल्या महिन्याचे पान फाडले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहून खाली ‘रिले २२०, कूलंट १ लि. ३००, मजुरी १५०, एकूण ६७०’ असे मांडले. शेवटी सही आणि स्वतःचा मोबाइल नंबर. मी तीस वर्षे पावत्या आणि व्हाउचरे तपासत आले आहे. छापील, शिक्का मारलेली आणि तरीही काहीच न सांगणारी बिले मी हजारोंनी पाहिली आहेत. त्या पानावर मला हवे ते सगळे होते.

पुण्यात परतल्यावर मी पहिल्या गॅरेजमध्ये गेले. पैसे परत मिळतील अशी माझी अपेक्षा नव्हती. चूक झाली एवढे त्यांनी म्हणावे असे मात्र वाटत होते. मला ऐकवण्यात आले, की गाडी दिली तेव्हा पंखा चालू होता, रिले नंतर गेला असेल, इलेक्ट्रिकचे काम वायरमनचे असते, ते आमच्याकडे येत नाही, गाडीचे वय झाले आहे, आणि पटत नसेल तर दुसरे गॅरेज पाहा. आता मी येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवते. पंप खरोखरच गळत असू शकेल. तो खरोखरच बदलला असेल आणि रिले खरोखरच नंतर गेला असेल. जुना पंप माझ्याकडे नाही, मी काय तक्रार सांगितली होती ते कोठे लिहिलेले नाही, काय तपासले याची नोंद नाही. त्यांनी मला फसवले हे मी सिद्ध करू शकत नाही, तसेच त्यांनी मला फसवले नाही हे तेही सिद्ध करू शकत नाहीत. कदाचित एक प्रामाणिक माणूस आज माझ्या मनात लबाड ठरून बसला आहे, आणि त्यातून त्याला सोडवणारा कागद त्याने स्वतःच लिहिलेला नाही.

माझी मागणी त्या कागदाची आहे. गाडी ताब्यात घेताना, दोन ओळींत का होईना, लिहून द्या.

कायदा याबाबत काय म्हणतो हे आपल्या संघटनांना ठाऊक असेलच, पण गल्लीतल्या गॅरेजपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल अथवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानलेली आहे, आणि २०२० च्या नियमांनी त्या पावतीवर दुकानदाराचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, वस्तूचे किंवा सेवेचे वर्णन, रक्कम आणि सही असावी असे ठरवून दिले आहे. म्हणजे पक्के बिल ही जास्तीचे अठरा टक्के देणाऱ्यालाच मिळणारी खास सोय नव्हे. ज्यांची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या खाली आहे त्यांना तो कर आकारता येत नाही, पण साधी पावती त्यांना देता येते आणि द्यावीही लागते. जे नोंदणीकृत आहेत त्यांनी कर मूळ किमतीत धरूनच अंदाज सांगावा. बिल मागितल्यावर कर आठवणे याला आमच्या व्यवसायात काय म्हणतात ते मी येथे लिहीत नाही.

दुसरा कायदा याहून जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्यावर काय जबाबदारी येते हे लिहिलेले आहे. कलम १५१ सांगते, की सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्या वस्तूची घ्यायला हवी. कलम १५४ सांगते, की ठरलेल्या कामापलीकडे ती वस्तू वापरली आणि त्या वापरात नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागेल. कायद्यातले उदाहरण घोड्याचे आहे : एकाने फक्त स्वतःच्या स्वारीसाठी म्हणून घोडा मागून नेला, घरातल्या दुसऱ्याला त्यावर बसू दिले, तो नीट सांभाळून स्वारी करत असतानाही घोडा पडून जखमी झाला, तरी भरपाई घोडा नेणाऱ्यानेच द्यायची. ‘गाडीतील सामानाची जबाबदारी मालकाची’ अशी पाटी ज्या भिंतीवर असते तिच्याच शेजारी हे घोड्याचे उदाहरणही लावावे, असे मला ६१ किलोमीटर आठवले की वाटते.

याच कायद्यातले कलम १७० मात्र आपल्या बाजूचे आहे, आणि ते बहुतेक ग्राहकांना माहीत नसते. ज्याने वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च केले आहे त्याला, वेगळा करार नसेल तर, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क आहे. येथले उदाहरण हिऱ्याचे आहे : पैलू पाडायला दिलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने अडवून ठेवला तर ते योग्यच. ‘पैसे द्या आणि गाडी न्या’ असे आपण म्हणता तेव्हा या कलमाचा आधार आपल्याला असतो. पण मोबदला कोणत्या कामाचा, किती आणि कोणी मान्य केलेला, यावर वाद झाला की हाच हक्क लटपटू लागतो, कारण ठरले काय होते ते दाखवायला हातात काही नसते. साडेतीन हजार ठरले होते की बारा, हे माझ्या आणि त्या मालकांच्या तोंडी शब्दांवरच अवलंबून राहिले. कागद असता तर तो त्यांच्या कामी आला असता.

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच पुण्यात सुरू केली. देशाला ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा मिळायला त्यानंतर १९८६ साल उजाडावे लागले. गाड्यांच्या बाबतीतही या शहराला कोणी नवखे म्हणू शकणार नाही. आकुर्डीत स्कूटर तयार झाल्या, पिंपरीत ट्रक तयार झाले, आणि एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे नाव तर लोकांनी एका अख्ख्या टेकडीला देऊन टाकले आहे. अशा गावात दुरुस्तीचा हिशेब कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर दाखवून पुसला जावा, याची मला पुणेकर म्हणून जराशी लाज वाटते.

आता आपली बाजू. ती मला दिसत नाही असे समजू नये, कारण आपल्यापैकी काहींचे हिशेब आमच्या कार्यालयात येतात. गाडी टाकून तीन-तीन महिने न नेणारे ग्राहक, ‘नंतर देतो’ म्हणून फोन उचलायचे बंद करणारे ओळखीचे लोक, ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला पार्ट घेऊन येऊन तो टिकला नाही की मिस्त्रीला बोल लावणारे, रात्री आठला शटर ओढताना ‘जरा आवाज बघा ना’ म्हणत बॉनेट उघडणारे, हे सगळे आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-सहा निकषांच्या गाड्या आल्या, त्यांच्यात सेन्सरांची संख्या वाढली, स्कॅनर घ्यावे लागले, आणि हाताखाली तयार झालेली चुणचुणीत मुले चाकण-तळेगावच्या कंपन्यांत निघून गेली. जागेचे भाडे वेगळेच. तरीही मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये न नेता आपल्याकडे आणते, कारण तेथे माझ्याशी बोलणाऱ्या माणसाने गाडीला हात लावलेला नसतो आणि हात लावणाऱ्याशी मला बोलता येत नाही. जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांचा कागद, तेथे सुंदर छापील मिळतो. मागच्या खेपेला त्यावर एसीच्या निर्जंतुकीकरणापासून इंजिनाच्या कसल्याशा लेपापर्यंत मी न मागितलेल्या पाच गोष्टी होत्या. तेव्हा कागद दिला म्हणजे माणूस सरळ झाला असे माझे म्हणणे नाही. निदान त्या पाच गोष्टी मला वाचता आल्या आणि सही करण्याआधी खोडता आल्या, एवढाच फरक.

एका बाबतीत मात्र दोष आम्हा ग्राहकांचाच आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बरेचसे दुखणे तेथूनच सुरू होते. डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, घरी जा’ म्हटले तरी आपण तपासणीची फी देतो. मिस्त्रीने तासभर इंजिनात डोके घालून ‘फक्त रिले गेलाय’ असे सांगितले तर आपण दोनशे रुपयांच्या रिलेवर शंभर रुपये मजुरी द्यायलाही कुरकुरतो. बिघाड शोधण्याचे मोल आपण देत नाही, त्यामुळे ते पार्टच्या किमतीत मिसळून वसूल होते. त्यातून अशी पद्धत पडते, की विचार करून बिघाड शोधण्यापेक्षा संशय आहे तो पार्ट बदलून पाहणे मिस्त्रीला परवडते : पंप बदलून पाहू, नाही जमले तर थर्मोस्टॅट बदलू. प्रत्येक अंदाजाची किंमत ग्राहक मोजतो आणि अंदाज चुकला तरी पार्ट विकला गेलेलाच असतो. सुरूरच्या त्या मुलाने दहा मिनिटे डोके चालवले आणि त्याचे त्याला दीडशे रुपये मिळाले. पुण्यातल्या गॅरेजने डोके न चालवता ११,८०० मिळवले. हे उलटे गणित आपण आणि आम्ही मिळून बसवले आहे. म्हणून तपासणीची फी आपण उघडपणे लावावी, तिचा आकडा भिंतीवर लिहावा, आणि पुढे काम आपल्याकडे केले नाही तरी ती घ्यावी. मी ती आनंदाने देईन. आजवर नकळत दिलेल्या पैशांपेक्षा ती कमीच भरेल.

कागदावर काय असावे, याचा मी थोडा विचार केला आहे. गाडी घेताना तारीख, किलोमीटर, पेट्रोलचा काटा कोठे आहे ते, आणि ग्राहकाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत. ‘इंजिन गरम’ असे दोन शब्द नकोत, ‘सिग्नलला उभी असताना तापते, चालताना नाही’ असे पुरते वाक्य हवे, कारण निम्मे निदान त्या वाक्यातच असते. मग तपासणीची फी, खर्चाचा अंदाज आणि गाडी कधी मिळेल तो दिवस. अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर काम पुढे नेण्याआधी फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, आणि ग्राहकाचे ‘हो’ आल्यावरच पुढचा नट खोलावा. गाडी परत देताना पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहावी, आणि पार्ट कंपनीचा आहे, दुसऱ्या चांगल्या बनावटीचा आहे, लोकल आहे की जुना काढलेला, हे नावानिशी लिहावे. लोकल पार्टला माझी ना नाही. दहा वर्षांच्या गाडीला कित्येकदा तोच परवडतो. कंपनीच्या पार्टचे पैसे घेऊन लोकल बसवणे ही वेगळी गोष्ट आहे. जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवावेत, नको असतील तर ग्राहकच तसे सांगेल. कामाची हमी देत असाल तर किती दिवसांची, आणि देत नसाल तर तसे.

‘एवढं लिहीत बसायला वेळ कुणाला आहे,’ असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. मी हा कागद आमच्या कार्यालयातल्या मुलाकडून लिहवून पाहिला. गाडी घेतानाचा भाग लिहायला त्याला चार मिनिटे लागली, आणि त्याला गाडीतले काही कळत नाही. आपल्या संघटनांनी मराठीत एकच नमुना ठरवून कार्बनसह पावतीपुस्तके छापून घेतली तर प्रत्येक सभासदाला ती किरकोळ किमतीत पडतील. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल सुरू केले त्यात वाहनांचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग कंपन्यांनी आपल्यापुरते राखून ठेवू नयेत ही आपलीही जुनी तक्रार आहे, आणि त्या लढ्यात ग्राहक आपल्या बाजूने उभे राहू शकतात. पण त्यासाठी कंपनीपेक्षा आपला व्यवहार जास्त उघडा आहे, असे आम्हाला चारचौघांत म्हणता आले पाहिजे.

माझ्या तक्रारीचे मी काय केले, हेही सांगून टाकते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे फी पडत नाही, आणि तक्रार जेथे आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, ही माहिती मला होतीच. तरी मी अजून गेलेले नाही. फाइल तयार करायला बसले तेव्हा तीत घालायला यूपीआयचा तो एक स्क्रीनशॉट आणि माझी पेट्रोलची वही, एवढेच निघाले. ज्या माणसाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही त्याचे कॅलेंडरचे पान मात्र तारीख, सही आणि फोन नंबरसकट जपून ठेवलेले आहे.

गाडीची पुढची सर्व्हिसिंग दिवाळीच्या आधी येते. इंजिन ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड पाहणे आणि डाव्या चाकाचा एक बारीक घुमणारा आवाज, जो गाडी उजवीकडे वळवली की वाढतो आणि डावीकडे वळवली की जवळजवळ नाहीसा होतो. कोथरूडपासून स्वारगेटपर्यंत कोठेही यायची माझी तयारी आहे. आवाजाचे हे वाक्य जो पुरते लिहून घेईल आणि त्याची एक प्रत मला देईल, त्याच्याकडे गाडी टाकेन. तपासणीची फी आधीच देईन.

आपली,
कोथरूडमधील एक ग्राहक